फुटबॉलचा नवा हंगाम व आमची निष्ठा

फुटबॉलच्या चाहत्याचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालत नसते. शेवटचा सामना झाला की त्याचे वर्ष संपते आणि नव्या हंगामाचे वेळापत्रक हाती आले म्हणजे त्याचा पाडवा उगवतो. मधले दिवस तो आशेवर काढतो. कोणता खेळाडू कोठे गेला, कोणाची बचाव फळी सुधारली, कोणाचा प्रशिक्षक बदलला, याची चर्चा करीत तो गतवर्षीच्या पराभवांस सबबी शोधतो व पुढील वर्षाचे मनोरे रचतो. हा त्याचा छंद निरुपद्रवी होय. परंतु 2025 साली भारतातील फुटबॉलच्या चाहत्यास तोही धड करता आला नाही. आपला संघ कसा खेळेल या प्रश्नाच्या आधी आपला संघ खेळेल की नाही, हाच प्रश्न त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. आता, जानेवारी 2026 च्या अखेरीस, लांबलेला हंगाम दृष्टीच्या टप्प्यात आला असता, आमच्या वार्षिकाच्या वाचकांपुढे या विषयासंबंधी काही विचार मांडावे असे आम्हांस वाटते.

प्रथम गतवर्षाचा जमाखर्च पाहू. 2024 या सबंध वर्षात भारताच्या राष्ट्रीय संघास एकही सामना जिंकता आला नव्हता. तेव्हा निवृत्त झालेल्या सुनील छेत्री यांस वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मार्च 2025 मध्ये, पुन्हा मैदानात उतरावे लागले. मालदीवविरुद्ध त्यांनी गोलही केला. परंतु ज्या देशात लक्षावधी मुले आहेत त्या देशास गोल करण्याकरिता निवृत्ताची वाट पाहावी लागावी, यात छेत्रींचा गौरव जितका आहे तितकीच आमची नामुष्की आहे. पुढे 2027 च्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत जे घडले ते सर्वविदित आहे. शिलाँग येथे बांगलादेशाशी बरोबरी झाली, जूनमध्ये हाँगकाँगकडून 0-1 असा पराभव झाला, आणि 14 ऑक्टोबर रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर सिंगापूरने 2-1 अशी मात करून आपली वाट बंद केली. 18 नोव्हेंबर रोजी ढाका येथे बांगलादेशानेही आपणांस 1-0 असे हरविले. असा प्रसंग 22 वर्षांनी आला. 2019 व 2023 अशा लागोपाठ दोन आशिया चषक स्पर्धांत खेळलेला देश तिसरीच्या दारातून परत फिरला.

या अंधारात एक किरण दिसला तोही नमूद करणे न्यायाचे होईल. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे खालिद जमील यांजकडे आली. 2016-17 साली मिझोरामच्या लहानशा ऐजॉल संघास देशाचे अजिंक्यपद मिळवून देणारे ते हेच. त्यांच्या हाताखाली प्रथमच खेळताना, मध्य आशियातील राष्ट्रांच्या स्पर्धेत आपल्या संघाने ताजिकिस्तानास त्याच्याच भूमीवर हरविले व ओमानवर पेनल्टीच्या निर्णयाने मात करून तिसरे स्थान मिळविले. हे जमील महिंद्र युनायटेड संघाकडून व पुढे मुंबई एफसी संघाकडून खेळले आणि मुंबई एफसीचे प्रशिक्षकही झाले. हे दोन्ही संघ आज अस्तित्वात नाहीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहो.

संघांच्या हंगामाची कथा तर पराभवाहून निराळी व अधिक दुःखद आहे. इंडियन सुपर लीग चालविणारी कंपनी व अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यामधील 2010 साली झालेला करार 8 डिसेंबर 2025 रोजी संपावयाचा होता. त्याचे नूतनीकरण होईना, म्हणून जुलै 2025 मध्ये हंगाम स्थगित झाला. पुढे निविदा मागविल्या, तेव्हा नोव्हेंबरमध्ये मुदत सरली तरी एकही निविदा आली नाही. काही संघांनी खेळाडूंचे वेतन थांबविले. जानेवारीच्या आरंभी नामवंत खेळाडूंस उघडपणे मदतीची याचना करावी लागली. शेवटी 6 जानेवारी 2026 रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केले की, 14 फेब्रुवारीपासून चौदाही संघांचा हंगाम भरविला जाईल. प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळणार, म्हणजे अवघे 91 सामने होणार. ताटात अर्धी भाकरी पडली. पण उपाशी राहण्याची तयारी केलेल्यास अर्धीही गोड लागते.

आता संघांविषयी. मुंबईपासून आरंभ करणे प्राप्त आहे, कारण महाराष्ट्रातील वरिष्ठ श्रेणीचा हा एकच संघ उरला आहे. मुंबई सिटीने 2020-21 साली साखळीची ढाल व चषक असे दोन्ही मान मिळविले, 2022-23 साली पुन्हा ढाल जिंकली, आणि 4 मे 2024 रोजी कलकत्त्यास जाऊन मोहन बागानास त्यांच्याच प्रेक्षकांसमोर 3-1 असे नमवून चषक आणला. एप्रिल 2022 मध्ये रियाध येथे इराकच्या वायुसेना संघास हरवून आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ हाच ठरला. अशा संघाची 2024-25 ची अखेर मात्र लाजिरवाणी झाली. साखळीत सहावे स्थान, आणि 29 मार्च 2025 रोजी बंगळूरने केलेला 5-0 असा पराभव! तेवढ्यावरही आम्ही संतोष मानला असता, कारण पाच गोल पुढल्या वर्षी फेडता येतात. परंतु डिसेंबर 2025 मध्ये, इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचे मालक असलेला जो परदेशी समूह 2019 पासून या संघाचा मोठा भागीदार होता, तो स्पर्धेच्या अनिश्चिततेकडे बोट दाखवून आपला भाग सोडून निघून गेला. सर्व मोठे मान ज्यांच्या काळात मिळाले त्यांच्यावाचून मुंबईचा संघ आता उभा राहावयाचा आहे. आम्ही त्याजकडून या वर्षी अजिंक्यपदाची अपेक्षा करीत नाही. ताठ मानेने हंगाम पुरा करून स्थानिक मुलांस संधी दिली, तरी आम्ही त्यास यशस्वी म्हणू.

आमचे दुसरे प्रेम गोव्यावर. 2024-25 साली एफसी गोवा साखळीत दुसरा आला, परंतु उपांत्य सामन्यांत बंगळूरकडून दोन्ही सामने मिळून 2-3 असा हरला. 2015 व 2018-19 या दोन साली अंतिम सामना गाठूनही हातचा गेलेला चषक त्यास अद्याप मिळालेला नाही. तथापि हा संघ निराशेस बसू देत नाही. मे 2025 मध्ये त्याने सुपर कप जिंकला, आणि 7 डिसेंबर रोजी ईस्ट बंगालास पेनल्टींवर नमवून तोच चषक राखला. ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाचा बलाढ्य अल नस्र संघ फातोर्ड्यास आला असता ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच तरुणाने त्याजवर गोल केला. सामना 1-2 असा गेला. परंतु गावच्या मैदानावर वाढलेला मुलगा अशा संघाचे जाळे हलवितो हे पाहून कोणाची छाती फुगणार नाही? येत्या हंगामात आमचे पहिले मत गोव्यास आहे.

कलकत्त्याचा मोहन बागान 2024-25 साली ढाल व चषक दोन्ही घेऊन गेला. बळाने तो आजही सर्वांहून अधिक आहे. परंतु त्याच्याही वर्षास डाग लागला. सप्टेंबर 2025 मध्ये आशियाई स्पर्धेत घरच्या मैदानावर हार पत्करल्यानंतर दुसऱ्या सामन्याकरिता तो इराणास गेलाच नाही, व त्याचे नाव स्पर्धेतून काढले गेले. सुरक्षिततेचे कारण सांगितले गेले, आणि ते अगदीच पोकळ होते असे आम्ही म्हणत नाही. तरी न खेळता बाहेर पडणे हे खेळून हरण्याहून समर्थकांस अधिक झोंबले, हे खरे.

येथवर झाली चाहत्याची भाकिते. ती खरी ठरोत वा खोटी ठरोत, त्यांत फारसे बिघडत नाही. आम्हांस जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते निराळे आहे. ते असे की, वर्ष निराशेचे गेले हे पराभवांच्या संख्येवरून ठरवू नये. हरलेला संघ पुन्हा मैदानात उतरला, तर ते वर्ष वाया गेले नाही. ज्या वर्षी संघच नाहीसा होतो, तेच खरे निराशेचे वर्ष. आणि या कसोटीस लावले असता आमच्या महाराष्ट्राचा इतिहास मन विषण्ण करणारा आहे.

ही यादी पाहावी. 2005-06 साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड 2010 साली बंद झाला. 2012-13 साली आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसी 2015 साली बंद झाला. त्याच वर्षी पुण्याचाच भारत एफसी एका हंगामाचे आयुष्य भोगून गेला. 2017 नंतर पुण्याचा डीएसके शिवाजियन्स व मुंबईचा मुंबई एफसी हे राष्ट्रीय स्पर्धांतून दिसेनासे झाले. 2014 साली मोठ्या थाटाने निघालेल्या एफसी पुणे सिटीचा 2019 साली शेवट झाला. त्याची जागा व त्याचे बरेच खेळाडू हैदराबादेस गेले. त्या हैदराबादच्या संघाने मार्च 2022 मध्ये चषक जिंकला, आणि 2025 साली तोही तेथून उठून दिल्लीकर झाला! दहा वर्षांच्या आत मुंबई-पुण्याचे सहा संघ गेले. त्यांतील एकही संघ गोल खाऊन मेला नाही. प्रत्येकाच्या मरणाचा निर्णय मैदानाबाहेर, हिशेबाच्या वहीवर झाला.

सोलापूरकरांस हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू ही नावे घेतली की आमच्या पेठांतील वृद्ध मंडळी आजही स्तब्ध होतात. ज्या भोंग्यांवर शहर उठत होते व निजत होते ते भोंगे एकामागून एक मुके झाले. कामगाराने मागावर कसूर केली म्हणून ते बंद पडले असे नव्हे. भांडवलाचे गणित बदलले, इतकेच. मात्र गिरण्या गेल्या तरी चादरीचे व टॉवेलचे माग घरोघर खटखटत राहिले, कारण ती कला वस्तीत मुरली होती. खेळाचेही असेच आहे. जे वरून आणून ठेवले ते उचलून नेता येते, आणि जे वस्तीत मुरले ते नेता येत नाही.

याचा दाखला शोधण्यास दूर जाणे नको, कोल्हापुरास जावे. तेथे पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब अशी मंडळे आहेत. यांपैकी कित्येकांच्या नावातच तालीम आहे. ज्या मातीत कुस्तीचे शड्डू घुमले त्याच मातीतून ती फुटबॉलकडे वळली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 पासून उभी आहे. राजर्षी शाहू मैदानावर पेठेचा पेठेशी सामना लागला की हजारो लोक उन्हात बसतात. या मंडळांपाशी परदेशी भागीदार नाहीत व दूरचित्रवाणीचे करारही नाहीत. तरी पेठ आहे तोवर पेठेचा संघ आहे. 2017 साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेत खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा. कोल्हापुरात दोष नाहीत असे मात्र नव्हे. प्रेक्षकांतील हुल्लडीपायी सामने थांबविण्याचे प्रसंग तेथे आले आहेत, आणि निष्ठा जेव्हा दुसऱ्या पेठेच्या द्वेषावर पोसली जाते तेव्हा ती निष्ठा राहत नाही, हा धडाही कोल्हापूरच देते. परंतु उत्साहास वळण लावता येते; जेथे उत्साहच नाही तेथे वळण कशास लावावे?

गोव्याचेही बळ असेच गावोगावचे आहे. 1883 साली शिवोली गावी विल्यम लायन्स नामक धर्मगुरूंनी फुटबॉल आणला असे सांगतात. गावागावांतील शाळांनी व चर्चपुढील पटांगणांनी तो जोपासला. आमच्यासारख्या विद्यालयास अभिमान वाटावा अशी दुसरी हकीकत काश्मीरची आहे. 1891 साली श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को या शिक्षकांनी चामड्याचा चेंडू आणला, तेव्हा विटाळाच्या भयाने मुले त्यास पाय लावीनात. पुढे तीच मुले एका संघात खेळू लागली. या देशात पुष्कळ ठिकाणी हा खेळ शाळेच्या अंगणातून शिरला आहे, ही गोष्ट आम्ही विसरू नये.

यावर कोणी म्हणेल की, हे सर्व भाबडेपण आहे. आजच्या काळी उत्तम मैदान, शिकविलेले प्रशिक्षक, वैद्य, प्रवास, यांस द्रव्य लागते. तालमीच्या वर्गणीवर आशिया जिंकता येत नाही. मुंबईस जे मान मिळाले ते भांडवलानेच मिळाले, हे आम्हीच वर लिहिले आहे. हा आक्षेप खरा आहे व आम्ही तो नाकारीत नाही. परंतु भांडवल व मूळ यांत वैर असलेच पाहिजे असे नाही. मोहन बागानचे उदाहरण घ्या. 1889 साली स्थापन झालेल्या, 1911 साली इंग्रज पलटणीस हरवून आयएफए शील्ड जिंकलेल्या त्या संस्थेच्या फुटबॉल संघाचे एका उद्योगसमूहाच्या एटीके या संघाशी 2020 साली मीलन झाले व नावाच्या आरंभी ती परकी अक्षरे लागली. समर्थकांनी वर्षानुवर्षे विरोध केला. अखेर मार्च 2023 मध्ये चषक जिंकताच मालकांनी ती अक्षरे काढून टाकण्याचे जाहीर केले. पैसा राहिला, परंतु त्यास मुळापुढे नमावे लागले. पुण्याच्या संघांचे पाठीराखे काही कमी प्रेमळ नव्हते. मात्र त्यांच्या प्रेमास रुजण्याइतका अवधीच कोणी दिला नाही. म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, द्रव्य हे पाण्यासारखे आहे. मूळ असेल तर ते झाडास लागते, मूळ नसेल तर नुसता चिखल होतो. खडकावर व वाळूवर घर बांधणाऱ्या दोघांचा दाखला आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रार्थनेच्या तासास ऐकला आहे. पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडला होता.

मग आमच्या शुक्रवार पेठेतील चाहत्याने या हंगामात करावे तरी काय? मुंबईचा वा गोव्याचा सामना आवडीने पाहावा. मँचेस्टर व माद्रिदचे खेळाडू ज्यास मुखोद्गत आहेत त्याने निदान भारतातील चौदा संघांची नावे तरी पाठ करावी. हरलेल्या संघास शिव्या न देता त्याच्या पुढल्या सामन्यासही हजर राहावे. कारण जिंकत्या संघामागे धावणे हे वाऱ्यामागे धावण्यासारखे आहे. परंतु एवढ्याने भागणार नाही. पाहणे ही अर्धीच निष्ठा होय. ज्या शहरात मुले क्रिकेटची बॅट घेऊन जन्मतात असे विनोदाने म्हटले जाते, त्या शहरात फुटबॉलला एक सायंकाळ मिळवून देणे ही उरलेली अर्धी निष्ठा आहे.

यासाठी आमच्या तीन सूचना आहेत. पहिली अशी की, विद्यालयाचा फुटबॉल संघ हा स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस जमवून नंतर विसरण्याचा विषय नसावा. 1960 पासून चालत आलेल्या सुब्रोतो चषकाच्या शालेय स्पर्धेची वाट जिल्ह्यातून वर जाते. त्या वाटेवर पाय टाकावयाचा तर वर्षभर सराव पाहिजे. दुसरी सूचना: शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शनिवार पेठ अशा पेठांच्या मुलांची एक लहानशी साखळी भरवावी. चषक मोठा नसला तरी चालेल. ती साखळी दर वर्षी, न चुकता, ठरल्या महिन्यात भरली पाहिजे. मोठमोठ्या मंडळींना जे 2025 साली जमले नाही, ते करून दाखविण्याची संधी आम्हांस आहे. तिसरी सूचना मुलींसंबंधी आहे. जुलै 2025 मध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडास त्याच्याच भूमीवर 2-1 असे हरवून आशिया चषकाची पात्रता मिळविली. पुरुषांच्या संघास जे साधले नाही ते महिलांनी साधले. तेव्हा मैदानाचा एक भाग व आठवड्यातील काही सायंकाळ मुलींकरिता राखून ठेवण्यास आता कोणती सबब उरली?

हे करण्यात तात्काळ कीर्ती नाही. पेठेच्या साखळीत खेळलेला मुलगा उद्या देशाचा गणवेष घालीलच असे आश्वासन कोणी देऊ शकणार नाही. परंतु ज्या शहरात शंभर मुले नियमाने खेळतात त्याच शहरास एका अनिकेत जाधवाची आशा करण्याचा अधिकार असतो. आणि समजा, तसा एकही निपजला नाही, तरी हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेणारी व पुढल्या शनिवारी पुन्हा मैदानात येणारी मुले तर निपजतील. त्यांचे शहरास काही कमी मोल नाही.

नव्या हंगामात गोवा जिंकेल असे आमचे मत आम्ही वर नोंदविले आहे. मुंबईने पहिल्या सहांत यावे ही आमची इच्छा आहे. राष्ट्रीय संघाने जमील यांजवर धीर न सोडता खालून, सतरा व वीस वर्षांच्या मुलांपासून, उभारणी करावी ही विनंती आहे. यांपैकी काय फळास येईल ते दैव जाणे, कारण चेंडू गोल आहे. मात्र वार्षिकाचा पुढील अंक निघेल तेव्हा आमच्या पेठेत फुटबॉलचा एक तरी सामना ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या मैदानावर झालेला असावा. तो कोणी जिंकला हे आम्ही आनंदाने छापू. कोण हरला तेही छापू. आणि तो संघ त्यापुढील वर्षीही खेळणार आहे हे त्याच्याखाली लिहिता आले, तर गतवर्षाची सारी निराशा फिटली असे आम्ही समजू.